मिरगाच्या आत घर : मुदत, सवड आणि कळीची वाट

आज आपण एका अवघड वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहोत, पण त्याची सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. आपल्याकडे मे महिना लागला की घरोघरी एकच घाई असते. पापड-कुरडया वाळल्या का, सरपण आत घेतलं का, गोठ्यावर पत्रा टाकला का, बी-बियाण्याचं काय झालं? कुणी विचारलं की एवढी घाई कशाची, तर उत्तर एकच, "मिरग तोंडावर आलाय." ७ जूनच्या सुमाराला मृग लागतो आणि त्याच्या आत सगळं आवरायचं असतं. ही आपली मुदत. ती कुठल्या साहेबानं घालून दिलेली नाही, पण तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही.

मुदतीचा आणि कामाचा संबंध नेमका काय, याचं एक शास्त्र आहे. मोठमोठे पूल, धरणं, कारखाने बांधणारे लोक ते कॉम्प्युटरवर वापरतात. पण ते समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे. म्हणून आज आपण भूकंपानंतरच्या दिवसांत जाऊ या.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. आजच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही गावं, आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि त्याच्या आसपासची गावं काही क्षणांत ढिगारा झाली. आज सास्तूर लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा ते उमरगा तालुक्यात होतं. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे ८ हजार माणसं गेली, काही अहवाल हा आकडा १० हजारांच्या जवळ नेतात. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ झाले आहेत. मग इथं इतकी माणसं का गेली?

त्याचं उत्तर आपल्या घरांत होतं. दगड-मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर लाकडी सरे-फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, असं आपलं माळवदाचं घर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. पण भिंतीतले दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नसत आणि वरच्या मातीचा भार मोठा. दर वर्षी गळती थांबवायला वर आणखी माती पडायची. जमीन हलली तशा भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. पुढं २००२ च्या भारतीय मानकात तो वरच्या, म्हणजे तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला.

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनानं जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. १९९४ पासून पुढची काही वर्षं तो चालला. ज्या गावांचं फार नुकसान झालं अशी ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. तिथं जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. पण ती झाली थोड्या गावांची गोष्ट. त्याहून कितीतरी जास्त गावं अशी होती की जिथं घरं पडली नव्हती, तडकली होती. तिथल्या जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनीच करायचं होतं. त्यासाठी नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपयांची मदत होती, आणि ती हप्त्याहप्त्यानं मिळायची. एक टप्पा झाला, इंजिनिअरनं पाहिला, की पुढचा हप्ता. पुष्कळांनी त्या पैशात जुन्या घराला लागून एखादी नवी मजबूत खोली बांधली.

इथं बाया पुढं आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला गावोगाव लोकांना या कामात सामील करून घेण्याची जबाबदारी मिळाली. प्रेमा गोपालन यांनी ही संस्था उभी केली. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहाय्यक म्हणून नेमलं गेलं. ज्या बाया तोवर ग्रामसभेत कोपऱ्यात बसायच्या, त्या गवंड्याला विचारू लागल्या की लिंटलचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवला आहे ना, गजाच्या रिंगा किती अंतरावर आहेत, आरपार दगड घातले का. कुणाचा हप्ता कुठं अडकला, कुणाकडं सिमेंट आलं आणि वाळू आली नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. पुढं २००१ च्या भूकंपानंतर याच भागातल्या बाया गुजरातमध्ये कच्छला गेल्या आणि तिथल्या बायांना त्यांनी आपला अनुभव सांगितला. आणि इकडं महिला मंडळांमधून बचत गट उभे राहिले. आज हा कार्यक्रम ऐकणाऱ्या काही गटांची मुळं त्या दिवसांत आहेत.

आता मुदतीकडं येऊ. अशा घराच्या कामाला एकाच वेळी अनेक मुदती लागलेल्या असतात. मिरगाची एक, हप्त्याच्या तपासणीची एक, सगळा कार्यक्रम संपण्याची एक, गवंडी दुसऱ्या गावाला जाण्याआधीची एक. कुठल्या मुदतीकडं बघून कुठलं काम आधी रेटायचं? हा प्रश्न घरातल्या बाईलाही असतो आणि मोठ्या इंजिनिअरलाही.

या प्रश्नाचं शास्त्रशुद्ध उत्तर अमेरिकेत १९५७ साली शोधलं गेलं. ड्युपाँट नावाची रसायनं बनवणारी मोठी कंपनी होती. कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवला की दर तासाला नुकसान. हजारो छोटी कामं, कुठलं आधी, कुठलं नंतर, याचा मेळ लागत नव्हता. त्या कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीतले जेम्स केली या दोघांनी मिळून एक रीत बसवली. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो आणि ते कुठल्या कामानंतरच सुरू होऊ शकतं, एवढ्या दोनच गोष्टी लिहायच्या. मग कामांच्या साखळ्या तयार होतात. त्यातली जी साखळी सगळ्यात लांब, तीच पूर्ण कामाची लांबी ठरवते. त्या साखळीतलं एक काम एक दिवस लांबलं की सगळं एक दिवस लांबतं. ती साखळी आज क्रिटिकल पाथ या नावानं जगभर ओळखली जाते. आपण तिला कळीची वाट म्हणू. लुईव्हिल इथल्या कारखान्यात ही रीत वापरल्यावर दुरुस्तीसाठीचा बंद काळ सरासरी १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. त्याच सुमाराला, १९५८ मध्ये, अमेरिकेच्या नौदलानंही पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी अशीच एक रीत तयार केली. सुरुवातीला यासाठी खोलीभर आकाराचा कॉम्प्युटर लागायचा. १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा प्रोजेक्ट हा प्रोग्रॅम आला आणि हे गणित टेबलावरच्या कॉम्प्युटरवर होऊ लागलं.

आता वही-पेन घ्या, किंवा पुढ्यात ज्वारीचे दाणे घ्या. एक दाणा म्हणजे एक दिवस. आपण एक घर मांडू. हे घर मनातलं आहे, आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

जुनी भिंत उतरवून दगड वेचायला १० दिवस. नंतर पाया ८ दिवस. नंतर लिंटलपर्यंत भिंती १४ दिवस. नंतर लिंटलचा पट्टा, त्यात ओतायचं काम २ दिवस आणि त्यावर पाणी मारायचे ७ दिवस, मिळून ९. नंतर पट्ट्यावरची भिंत ५ दिवस. शेवटी पत्रे ६ दिवस. बेरीज करा. ५२ दिवस झाले. ही आपली कळीची वाट.

शेजारी दोन छोट्या साखळ्या आहेत. सुताराकडून दाराची चौकट यायला १५ दिवस लागतात आणि ती भिंत सुरू व्हायच्या आत हवी. भिंत सुरू होते १८ दिवसांनंतर. म्हणजे चौकटीला ३ दिवसांची सवड आहे. दुसरी साखळी गजांची. गज तालुक्याहून आणायला, पैशाची जुळवाजुळव धरून, २० दिवस. ते लागतात लिंटलच्या वेळी, म्हणजे ३२ दिवसांनंतर. गजाला १२ दिवसांची सवड.

या सवडीलाच शास्त्रात स्लॅक म्हणतात. सवड म्हणजे एखादं काम किती लांबलं तरी पुढचं अडत नाही ते. कळीच्या वाटेवरच्या कामाला सवड नसते. म्हणून घरात सगळ्यांनी सुताराच्या मागं तगादा लावला, पण गवंडी दोन दिवस आलाच नाही, तर चौकट वेळेत येऊनही घर दोन दिवस मागं पडतं. चिंता कुठं करायची हे या वाटेवरून कळतं.

आता यात मुदत आणू. काम १ एप्रिलला सुरू झालं तर ५२ वा दिवस येतो २२ मेला. मिरग ७ जूनला, म्हणजे ६ जूनपर्यंत पत्रे पडायला हवेत. एप्रिलच्या पहिल्यापासून मोजलं तर ६ जून हा ६७ वा दिवस. म्हणजे मिरगाकडून उलटं मोजलं तर या मोठ्या साखळीलाही १५ दिवसांची सवड आहे. चौकटीला १८, गजाला २७. सगळं सुखात आहे.

इथं एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. मुदत लिहिल्यानं कुठलंही काम एक दिवसही लवकर झालेलं नाही. पाया ८ दिवसांचाच आहे, भिंत १४ दिवसांचीच आहे. मुदतीनं फक्त आपली मोजायची जागा बदलली. आधी आपण सुरुवातीपासून पुढं मोजत होतो, आता शेवटापासून मागं मोजतोय. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्येही असंच होतं. तिथं एखाद्या कामापुढं मुदत टाकली की ते काम आपल्या जागेवरून हलत नाही. चित्रात त्या तारखेवर खाली तोंड केलेला एक बाण दिसतो, एवढंच. पण आतल्या आत तो प्रोग्रॅम त्या तारखेपासून मागं मोजतो, आणि ती तारीख आधीच्या हिशेबापेक्षा अलीकडची असली की त्या कामाची आणि त्याच्या आधीच्या सगळ्या कामांची सवड कमी करतो. काम मुदतीच्या पुढं गेलं की लाल खूण येते.

आता दुसरी मुदत बघा. समजा, पुढचा हप्ता हवा असेल तर ३० एप्रिलच्या आत भिंती लिंटलपर्यंत आल्या पाहिजेत, असं कळलं. आपल्या हिशेबात भिंती लिंटलला येतात ३२ व्या दिवशी, म्हणजे २ मेला. मुदत ३० व्या दिवसाची. सवड किती? वजा २ दिवस. म्हणजे काम सुरू होण्याआधीच आपण २ दिवसांनी मागं आहोत. चौकटीची सवडही या मुदतीकडून मोजली तर ३ ची १ उरते. आणि लिंटलच्या पुढची कामं? त्यांना या मुदतीचं काही घेणं नाही. त्यांची मिरगापर्यंतची १५ दिवसांची सवड तशीच आहे.

म्हणजे काय झालं? घर तेच, कामं तीच, दिवस तेवढेच. पण मध्येच एक मुदत घातली आणि कळीची वाट अर्ध्यावर येऊन थांबली. आता सगळा ताण भिंत उतरवणं, पाया आणि भिंत या तीन कामांवर आला. पत्र्याची काळजी करण्यात आता अर्थ नाही. प्रश्न विचारायचा तो हा, की कुठल्या मुदतीसाठी कुठलं काम कळीचं आहे. एका घराला दोन मुदती असतील तर दोन कळीच्या वाटा असू शकतात.

वजा सवड हा शब्द विचित्र वाटतो, पण तो आपल्याला चांगला ठाऊक आहे. हातात पाच हजार आणि देणं सात हजार, तसंच हे. आधीच उधारीवर असलेले दिवस. कागदावर वजा दोन दिसलं की मालकासमोर खरं तर तीनच रस्ते असतात. काम लहान करा, माणसं वाढवा, नाहीतर मुदत वाढवून मागा. चौथा एक रस्ता असतो, तो कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण तोच सगळ्यात जास्त वापरला जातो.

तो बघायला आपलं घर पुन्हा मांडू. हप्त्याची मुदत बाजूला ठेवा, फक्त मिरग धरा. पण या वेळी पैसे उशिरा हातात आले आणि काम १ एप्रिलऐवजी २० एप्रिलला सुरू झालं. ५२ दिवस धरले तर काम संपतं १० जूनला. मुदत ६ जूनची. सवड वजा ४. आता ४ दिवस आणायचे कुठून? पाया घाईत होत नाही, भिंत दिसते, पत्रे दिसतात. न दिसणारं काम एकच आहे. लिंटलवर पाणी मारायचे ७ दिवस. ते ३ केले की बरोबर ४ दिवस वाचतात आणि कागदावर सवड शून्यावर येते. मिरगाच्या आत पत्रे पडतात. सगळे खूश.

पण घर कच्चं राहिलं. सिमेंट वाळून नाही, ओलं राहून घट्ट होतं. आपल्या देशातल्या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा द्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर तो जास्तच लागतो. आणि ज्या पट्ट्याचं पाणी आपण तोडलं, तोच पट्टा भूकंपात चारही भिंती एकत्र धरून ठेवणार असतो. भूकंपातून जे शिकलो त्यावरच ही घाई उलटते. मुदत पाळली गेली आणि ज्यासाठी घर बांधलं ते राहून गेलं.

आता आणखी एक प्रश्न. ते पाणी कोण आणतं? आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे टंचाईचे दिवस. बोअर आटलेला, टँकरची वाट, डोक्यावर हंडा. पिण्यालाच पाणी पुरत नसताना भिंतीवर रोज सकाळ-संध्याकाळ मारायचं पाणी बहुतेक घरांत बाईच आणते. गवंड्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, "क्युरिंग, ७ दिवस." तिथं हंड्यांची संख्या नसते, खेपांची संख्या नसते. म्हणून ते काम फुकटचं आणि आपोआप होणारं वाटतं. पण आपल्या हिशेबात ते नेमकं कळीच्या वाटेवर बसलं आहे. तिनं दोन दिवस पाणी आणलं नाही तर घर दोन दिवस मागं. तिनं आणलंच नाही आणि काम मात्र पुढं सरकलं, तर घर कच्चं. म्हणजे कळीच्या वाटेवर बाई उभी आहे, फक्त यादीत तिचं नाव नाही.

म्हणून अशा कामाची यादी करताना गावातल्या बायांचं म्हणणं महत्त्वाचं ठरतं. पाणी कुठून येणार, कोण आणणार, किती खेपा, हे यादीत लिहिलं की ते काम दिसायला लागतं. मग कुणी म्हणू शकतं, लिंटलच्या त्या ७ दिवसांसाठी एक टँकर सांगू, किंवा गोणपाट ओलं करून त्यावर अंथरू म्हणजे खेपा कमी होतील. न लिहिलेल्या कामाला मदत मिळत नाही.

आता वजा ४ दिवस प्रामाणिकपणे कसे भरून काढायचे ते पाहू. आपल्याकडं इर्जिकीची रीत आहे. शेजारपाजारच्यांनी मिळून भिंत उतरवायला हात लावला तर १० दिवसांचं काम ६ दिवसांत होईल. ४ दिवस वाचले, हिशेब मिटला, असं वाटतं ना? नाही मिटला. भिंत उतरवायला ६ आणि पाया ८ मिळून १४ दिवस. १५ व्या दिवशी भिंत सुरू व्हायला हवी. पण सुताराची चौकट १५ दिवसांनी येते. म्हणजे भिंत १६ व्या दिवशीच सुरू होईल. आपण ४ दिवस वाचवले आणि मिळाले ३. आधी ३ दिवसांच्या सवडीत आरामात असलेला सुतार आता कळीच्या वाटेवर आला.

असं नेहमी होतं. मोठी साखळी आखडली की शेजारची साखळी लांब ठरते. म्हणून एकदा हिशेब करून भागत नाही, काही बदललं की पुन्हा मांडावं लागतं. इथं उपाय सोपा आहे. काम सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधीच सुताराला चौकट सांगून ठेवायची. पैसे लागत नाहीत, जास्त माणूस लागत नाही, फक्त एक फेरी मारायची. कळीची वाट माहीत असली की अशी छोटी फेरी कधी मारायची ते कळतं. नाहीतर सगळेच सगळ्यांवर ओरडतात.

डेडलाइन हा शब्द आज सगळीकडं वापरतात. त्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमाराला, कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेषा ठरवलेली असायची. कैदी त्या रेषेपलीकडं गेला की पहारेकरी गोळी घालायचा. तिला डेडलाइन म्हणत. पुढं छापखान्यांतून आणि वर्तमानपत्रांतून हा शब्द शेवटच्या वेळेसाठी रुळला. आपला मुदत हा शब्द मात्र मूळ अरबी आणि त्याचा अर्थ नुसता काळ, अवधी. मुदतीकडं गोळीच्या रेषेसारखं बघायचं की हातातल्या अवधीसारखं, यानं फार फरक पडतो. भीतीनं काम करणारा माणूस ते ७ दिवसांचं पाणी तोडतो. अवधी मोजणारा माणूस सुताराकडं आधी जातो.

सगळ्या मुदती एकसारख्या नसतात हेही लक्षात ठेवू. मिरग कुणाशी बोलून पुढं जात नाही. ती निसर्गाची मुदत. तपासणीची तारीख मात्र माणसांनी ठरवलेली असते आणि ती वाढवून मागता येते. पण मागायची कधी? ३० एप्रिलला रात्री नाही. सवड वजा दिसली त्या दिवशी, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी. "आमचं होत नाही" असं सांगितलं की समोरचा ऐकत नाही. "पाया ८ दिवस, भिंत उतरवायला १०, भिंत १४, मिळून ३२ दिवस होतात आणि तुम्ही ३० दिले आहेत," असं वही उघडून सांगितलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. भूकंपानंतरच्या कामात बाया मोजून-मापून बोलायला शिकल्या, आणि मोजून बोलणारीला कार्यालयात बसायला खुर्ची मिळते.

आज हे सगळं आपल्या कामाचं का? कारण आजही घरकुलं चालू आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला आपल्यासारख्या सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांची मदत ठरली, तीही हप्त्यांनी, टप्प्याटप्प्याचे फोटो चढवल्यावर. मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण करायचं, अशी मुदत त्या योजनेत घातलेली आहे. १२ महिने ऐकायला खूप वाटतात. पण मागून मोजा. त्यातले पावसाळ्याचे महिने काढा, सुगीचे दिवस काढा, ऊसतोडीला गेलेल्या घरांचे सहा महिने काढा, टंचाईत पाण्याविना थांबलेले दिवस काढा. काही घरांची सवड पहिल्याच दिवशी वजा निघेल. हे पहिल्या दिवशी कळलं तर काहीतरी करता येतं.

बचत गटाच्या कामालाही हेच लागू. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेतली तर गिऱ्हाइकाच्या तारखेपासून मागं या. पोहोचवायला एक दिवस, पिशव्या भरायला दोन दिवस, तळायला चार, भाजणी दळून आणायला एक, धान्य धुऊन वाळवायला दोन. १० दिवस झाले. छापील पिशव्या यायला मात्र १२ दिवस लागत असतील, आणि त्या भरायच्या दिवशी हव्या असतील, तर त्या आधी सांगाव्या लागतील. भरणं सुरू होतं ७ दिवसांनंतर. म्हणजे पिशव्यांची साखळी ५ दिवसांनी जास्त लांब. इथं कळीची वाट कढईतून जात नाही, छापखान्यातून जाते. रात्र-रात्र जागून चकल्या तळल्या तरी पिशव्या नसतील तर माल जाणार नाही.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत गटाचं एखादं काम घ्या. कामं लिहा, दिवस लिहा, कशाच्या नंतर काय ते लिहा. मग मुदतीपासून मागं मोजा. ज्याला सवड नाही त्याच्याखाली लाल रेघ ओढा. आणि यादी वाचताना एकदा विचारा, यात पाणी कोण आणतंय, पोरं कोण सांभाळतंय, डबा कोण करतंय, ते लिहिलंय का? लिहिलं नसेल तर लिहा. बहुतेक वेळा लाल रेघ तिथंच निघते.

सास्तूर, राजेगावच्या वाटेनं कधी गेलात तर त्या काळी बांधलेल्या खोल्यांकडं बघा. दारावरून, खिडकीवरून फिरलेला लिंटलचा पट्टा बघा. त्या पट्ट्याला सात दिवस पुरतं पाणी मिळालं असेल तर त्यासाठी कुणीतरी भर उन्हात हंडे आणले असणार. मिरगाच्या आत घर व्हावं म्हणून सगळ्यांची धावपळ चाललेली असताना आणले असणार.